टाके घरी काढावेत की दवाखान्यात?

विळीवर हात कापला किंवा गाडी घसरून नडगी फाटली, चार-सहा टाके पडले, जखम सुकली आणि टाके काढायचा दिवस आला. ते घरी काढता येतात का, हा प्रश्न मग हमखास निघतो. इथे जखम साधी धरली आहे: कोपराखालचा हात किंवा नडगी, सरळ काप, नायलॉनचे सुटे टाके, प्रत्येकाची वेगळी गाठ. जखम चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा तळहातावर असेल, ऑपरेशनची किंवा कुत्रा चावल्याची असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर तुलनेचा प्रश्नच येत नाही. सरळ दवाखान्यात जावं. एकाच दोऱ्याने शिवत नेलेले सलग टाके किंवा एका टाक्यात दोरा दोनदा आत गेलेले दुहेरी टाकेही घरी काढायचे नाहीत.

दिवसांबद्दल दुमत नसावं. हाताला साधारण 7 ते 10 दिवस, नडगीला 10 ते 14, आणि डॉक्टरांनी कागदावर तारीख लिहिली असेल तर तीच खरी. लवकर काढले तर जखम उकलते. उशीर केला तर दोऱ्याच्या वाटेने कातडी आत वाढत जाते आणि पुढे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे व्रण राहतात.

दवाखान्याची खरी ताकद म्हणजे ड्रेसरची, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्याची, नजर. कडा नुसत्या चिकटल्यात की आतून धरल्यात, हे तो रेषेवरून बोट फिरवून सांगतो. आतून धरलेल्या जखमेच्या रेषेखाली दोरीसारखा कडकपणा लागतो. शंका आली तर तो एकाआड एक टाके काढतो आणि उरलेल्यांसाठी दोन-तीन दिवसांनी बोलावतो. निर्जंतुक अवजारं तयार असतात, आणि काही उकललंच तर डॉक्टर तिथेच असतात. घरात कितीही तयारी केली तरी ही नजर येत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

तरीही माझा कल घराकडे झुकतो, आणि त्याचं कारण आहे खपली. दहाव्या दिवशीची गाठ जवळून पाहा. वाळलेलं रक्त आणि लस (जखमेतून झिरपणारं पाणी) यांचा तांबूस-काळा गोळा तिच्याभोवती बसलेला असतो. काळा दोरा त्यातच रुतलेला, नुसती दोन टोकं तेवढी बाहेर. दवाखान्यात बाहेर रांग असते, म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवून गाठ चिमट्यात धरली जाते आणि ओढली जाते. खपली उचकटते, तिच्याबरोबर खालची कोवळी कातडीही निघते आणि रक्ताचा थेंब येतो. टाके काढताना लोक कळवळतात ते बहुतेक वेळा यामुळे. दोरा कापताना जाणवतही नाही. यात ड्रेसरला दोष देता येत नाही. खपली भिजायला पंधरा मिनिटं लागतात आणि एका माणसासाठी टेबल तेवढा वेळ अडवणं त्याला परवडत नाही. घरी ही पंधरा मिनिटं हवी तशी मिळतात.

भिजवण्यासाठी मेडिकलमधली सलाईनची 100 मिलीची बाटली पुरते. ती नसेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालून गार करा. गॉझ त्यात बुडवून रेषेवर 10 ते 15 मिनिटं ठेवा. मधे वाळला तर पुन्हा ओला करा. खपली मऊ पडली की ओल्या गॉझने जखमेच्या रेषेच्या दिशेने पुसा. जखमेच्या रेषेला आडवं घासू नका. गाठ मोकळी हलू लागली की ती तयार झाली. एखादी हललीच नाही तर आणखी दहा मिनिटं द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसून खपली काढतं खरं, पण नव्या कातडीलाही इजा करतं. त्याच्या नादी लागू नका.

काढणारे हात दुसऱ्या कोणाचे तरी हवेत. एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात कात्री लागते, त्यामुळे स्वतःच्या हातावरची जखम स्वतः सोडवणं जमत नाही. ताईला किंवा दादाला बसवा, खिडकीजवळ, आणि वरून मोबाइलचा टॉर्च धरा. हात साबणाने धुतलेले हवेत. टाक्यांभोवतीच्या कातडीवर बेटाडीन लावून वाळू द्या.

अवजारांत 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड निर्जंतुक पाकिटात स्वस्तात मिळतं, पण दांड्याशिवाय ते बोटांत फिरतं आणि त्याचं टोक कातडीत सहज घुसतं. नवख्याने बारीक टोकाची कात्री घ्यावी. नेलकटर नको, त्याच्या जबड्यात दोऱ्याबरोबर कातडीही येते. भुवयांचा चिमटा चालतो, फक्त टोकं घट्ट मिटतात का ते आधी एक केस धरून बघा, कारण नायलॉन गुळगुळीत असल्याने निसटतो. कात्री-चिमटा दोन्ही झाकण ठेवून 20 मिनिटं उकळायचे, गॅसच्या ज्योतीवर फक्त काजळी धरते.

मग गाठीचं टोक धरून दोन-तीन मिलिमीटर वर उचला. इतके दिवस कातडीत असलेला दोऱ्याचा स्वच्छ, चकचकीत भाग छिद्रातून वर येतो. तिथेच, गाठीखाली, कातडीला लागून, एकाच बाजूला कापा. बाहेरच्या मळक्या दोऱ्यावर कापलं तर तोच मळ ओढताना आतून फिरतो. दोन्ही बाजू कापल्या तर मधला तुकडा आत राहतो, आणि तो काढायला शेवटी दवाखान्यातच जावं लागतं. कापल्यावर दोरा जखमेच्या रेषेवरून, ज्या बाजूला कापलं त्याच बाजूकडे ओढा. उलट ओढलं की कडा फाकतात.

आधी दुसरा आणि चौथा टाका काढा आणि थांबा. रेष मिटलेली दिसली तरच बाकीचे. केसाएवढी जरी फट दिसली तरी उरलेले ठेवा, फटीवर जखमेसाठीची कागदी चिकटपट्टी लावून कडा जवळ आणा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काढलेला प्रत्येक टाका पांढऱ्या गॉझवर मांडायचा. प्रत्येकाला गाठ आणि एक वळलेली लांब शेपटी दिसायला हवी. त्यांची संख्या कागदावर लिहिलेल्या टाक्यांशी जुळली पाहिजे.

नंतर कागदी चिकटपट्ट्या रेषेला आडव्या, मधे थोडी जागा सोडून लावा आणि पाच-सात दिवस राहू द्या. हा भाग लोक हमखास सोडून देतात. जखम मिटलेली दिसते, पण तीन आठवड्यांनीही तिची ताकद मूळ कातडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढीच असते. पहिला दिवस कोरडी ठेवा, आणि पंधरा दिवस तरी बादली उचलणं किंवा गाडीला किक मारणं टाळलेलं बरं.

छिद्रांभोवती थोडा गुलाबीपणा चालतो. लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल, तर टाक्यांना हात न लावता दवाखाना गाठा. दोरा रेशमी असेल तरही माझं मत दवाखान्याकडे जातं. तो पिळाचा असतो, लस शोषून घेतो आणि आतून चिकटतो, भिजवूनही सहज सुटत नाही.

नजर दवाखान्याची आणि हात घरचे, असंही जमतं. शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी जखम दाखवून विचारा, "अमुक तारखेला घरी काढले तर चालतील का?" बरेच डॉक्टर साध्या जखमेला होकार देतात. होकार मिळाला नाही, किंवा घरात हात न थरथरणारं कोणी नसलं, तर निघण्याआधी ओला गॉझ ठेवून वर प्लॅस्टिकचा तुकडा आणि सैल बँडेज बांधून जा. रांगेत अर्धा तास गेला तरी खपली ओली राहते आणि ड्रेसरलाही ओढावं लागत नाही.