छोटा रेट्रो अ‍ॅडव्हेंचर गेम: एजीआय, एजीएस की निव्वळ मजकूर?

चार-पाच खोल्या, अर्ध्या-पाऊण तासात संपणारी गोष्ट आणि जुन्या सिएरा किंवा ल्युकासफिल्म या कंपन्यांच्या खेळांची चव. असा फॅन गेम, म्हणजे चाहत्याने हौसेने केलेला गेम, करायचा ठरला, की समोर मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली, सिएराने १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'साठी उभं केलेलं एजीआय इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम. विनएजीआय किंवा एजीआय स्टुडिओ हे एडिटर वापरून त्यात आजही नवे गेम होतात आणि ते स्कमव्हीएमवर, म्हणजे जुने गेम आजच्या संगणकांवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतात. दुसरी, एजीएस, म्हणजे अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ. तिसरी, चित्रांशिवायचा मजकुरी गेम: इन्फॉर्म ७ या त्यासाठीच्या भाषेत, किंवा जुन्या आठ-बिटी संगणकांवर चालवायचा असेल तर पनीइन्फॉर्ममध्ये.

पहिलाच गेम असेल आणि चित्रात थोडाफार हात असेल, तर एजीएस घ्यावं. चित्रं जमत नसतील पण लिहायचा कंटाळा नसेल, तर इन्फॉर्म. एजीआय फक्त त्यांनी घ्यावं ज्यांना त्या काळच्या मर्यादाच हव्या आहेत. 'रेट्रो दिसतं' एवढ्या कारणावर एजीआय निवडलेले बरेच गेम दुसऱ्या खोलीतच थांबतात. का, ते पुढे येईलच.

आधी उत्तरं मोजा

छोट्या गेमचा आकार खोल्यांवर ठरत नाही, लिहाव्या लागणाऱ्या उत्तरांवर ठरतो. पाच खोल्या आणि प्रत्येकीत आठ हॉटस्पॉट (क्लिक करता येणाऱ्या गोष्टी) धरा, म्हणजे ४० गोष्टी. ल्युकासफिल्म पद्धतीची नऊ क्रियापदं ठेवली, तर 'दे' (त्याला हातातली वस्तू लागते) वगळून आठ उरतात. आठ गुणिले ४० म्हणजे ३२० उत्तरं. तेच 'पाहा' आणि 'वापर' अशा दोन क्लिकवर आणलं, की ८०. इन्व्हेंटरीत, म्हणजे खेळाडूजवळ, सहा वस्तू असतील तर वस्तू आणि हॉटस्पॉट यांच्या आणखी २४० जोड्या होतात, आणि त्या दोन्ही पद्धतींत सुटत नाहीत.

हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय इंटरफेस ठरवू नका. नऊ क्रियापदं पडद्यावर छान दिसतात, पण खेळाडूला दहातल्या नऊ वेळा 'हे चालणार नाही' एवढंच ऐकू आलं तर तो सोहळा कशासाठी? एजीएसमध्ये अनहँडल्ड-इव्हेंट नावाचं एकच फंक्शन न लिहिलेली सगळी उत्तरं सांभाळतं. त्यात प्रत्येक क्रियापदाला तीन-चार पर्यायी वाक्यं आलटून पालटून द्या. कोड्याशी संबंध असलेल्या वस्तूंना मात्र प्रत्येक चुकीच्या प्रयोगासाठी स्वतंत्र उत्तर लिहा. खेळाडूला इशारा मिळतो तो अशाच उत्तरांतून.

पार्सर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा समजून घेणारा भाग, असलेल्या गेममध्ये हा गुणाकार चालत नाही, कारण खेळाडू काहीही टाइप करू शकतो. तिथे मेहनत जाते समानार्थी शब्दांवर.

एजीआय: मर्यादा आवडत असतील तरच

आकडे बघा. चित्राची जागा १६० बाय १६८, पिक्सेल दुप्पट रुंद, रंग १६ आणि तेही ठरलेले. लॉजिक (कोड), चित्र, व्ह्यू (हलणारी पात्रं आणि वस्तू) आणि ध्वनी हे प्रत्येकी जास्तीत जास्त २५६. व्हेरिएबलही २५६, आणि प्रत्येकात ० ते २५५ एवढीच किंमत मावते. आवाजाला तीन सूर आणि एक खरखर. छोट्या गेमला हे सगळं पुरून उरतं. अडचण चित्र काढण्यात आहे.

एजीआयचं चित्र रेषा आणि रंगभरणीच्या आज्ञांनी बनतं. रेषेत एका पिक्सेलची फट राहिली तरी रंग पडद्यावर पसरतो. शिवाय भरणी फक्त पांढऱ्या जागेत होते. एकदा निळं भरलेलं आकाश पुन्हा भरून जांभळं करता येत नाही. त्यामुळे काय आधी आणि काय नंतर हा क्रम पहिल्या रेषेपासून डोक्यात हवा.

दुसरी मेख प्रायॉरिटीची, म्हणजे पडद्यावर काय पुढे आणि काय मागे ते ठरवणाऱ्या क्रमांकाची. पडद्याचे आडवे पट्टे पाडलेले असतात: वरच्या ४८ ओळींचा एक, त्याची प्रायॉरिटी ४, त्याखाली १२-१२ ओळींचे पट्टे, ५ ते १४. पात्राचे पाय ज्या पट्ट्यात, ती त्याची प्रायॉरिटी. समजा झाडाचं बूड १३० व्या ओळीवर आहे. तो पट्टा १२० ते १३१ चा, म्हणून झाडाला प्रायॉरिटी ११ दिली. पात्र ११८ वर असेल तर बरोबर झाडामागे जातं. पण १२५ वर आलं की त्याचीही प्रायॉरिटी ११ होते, आणि पाय बुडाच्या मागे असूनही ते झाडाच्या पुढे रंगवलं जातं. उपाय साधा आहे: बूड पट्ट्याच्या वरच्या कडेला, इथे १२० व्या ओळीवर आणा आणि खोडाशी शून्य रंगाची नियंत्रणरेषा ओढून वाट अडवा. एजीआय गेमवर टीका करताना 'पात्र झाडातून चाललं' एवढंच लिहू नका. ते कितव्या ओळीच्या आसपास होतं तेही लिहा. करणाऱ्याचा तासभर वाचतो.

पार्सरमध्ये दोन चुका कायम दिसतात. पहिली क्रमाची. सेड ही आज्ञा टाइप केलेलं वाक्य ठरलेल्या शब्दांशी ताडून पाहते. ती एकदा जुळली, की त्या फेरीत पुढची कुठलीही सेड जुळत नाही. 'लुक' आणि 'कुठलाही शब्द' अशी सर्वसाधारण ओळ वर आणि 'लुक डोअर' खाली असेल, तर दाराचं वर्णन कोणाला कधीच दिसणार नाही. खास ओळी आधी, सर्वसाधारण शेवटी. दुसरी चूक शब्दयादीतली. शून्य क्रमांकाच्या गटातले शब्द पार्सर गाळतो. 'द' आणि 'अ‍ॅट' तिथे शोभतात. 'अंडर' आणि 'बिहाइंड' तिथे टाकले, तर पलंगाखाली पाहणं आणि पलंग पाहणं एकच होऊन बसतं.

एजीएस: बहुतेकांसाठी हेच

ख्रिस जोन्स यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं हे साधन मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. एडिटर विंडोजवर चालतो, तयार गेम इतरत्रही चालवता येतो. पार्श्वचित्र तुम्ही हव्या त्या प्रोग्रॅममध्ये रंगवता आणि वर चालण्याची जागा, हॉटस्पॉट आणि वॉक-बिहाइंड (पात्र ज्यामागे जाऊ शकतं ते भाग) हे थर आखता. वॉक-बिहाइंडची बेसलाइन, म्हणजे पात्राचे पाय जिच्या वर असले की ते मागे जातं ती रेषा, हव्या त्या पिक्सेलवर ठेवता येते, त्यामुळे वरचा झाडाचा घोळ इथे उद्भवतच नाही. सिएरा पद्धत, नऊ क्रियापदं, दोन क्लिक अशा इंटरफेसचे तयार साचेही मिळतात.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: स्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहून किंवा दुसरीकडून चिकटवून ते चालू होत नाही. त्या हॉटस्पॉटच्या इव्हेंट यादीत जाऊन ते जोडावं लागतं. जोडलं नाही तर गेम चालतो आणि क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. दुसरी: खोली बदलण्याची आज्ञा त्याच ओळीवर अमलात येत नाही, फंक्शन संपल्यावर येते. तिच्याखाली लिहिलेला संवाद जुन्याच खोलीत होतो. तो हवा असेल तर नव्या खोलीच्या प्रवेश-इव्हेंटमध्ये टाका.

चित्रांचा हिशेब मात्र कठोर आहे. आठ फ्रेमची चाल, समोरून, पाठून आणि एका बाजूने (दुसरी बाजू उलटवून) म्हणजे एका पात्राची २४ चित्रं. वेळ कमी असेल तर सहा फ्रेम, आणि दुसरं पात्र न चालणारं ठेवा: टेबलामागे बसलेलं, खिडकीतून बोलणारं.

रिझोल्यूशन पहिल्याच दिवशी ठरवा. जुन्या मॉनिटरवर ३२० बाय २०० चं चित्र ४:३ आकारात ताणलं जाई, म्हणजे पिक्सेल रुंदीपेक्षा २० टक्के उंच. आज चौकोनी पिक्सेलवर काढलेला गोल चेंडू तसा ताणून दाखवला की अंडाकृती होतो. ताणायचंच नसेल तर ३२० बाय १८० घ्या. दूर गेलेलं पात्र लहान करण्यासाठी इंजिनकडून स्केलिंग करवलं, तर एकाच पडद्यावर वेगवेगळ्या जाडीचे पिक्सेल दिसतात आणि रेट्रो चित्रांत ते लगेच खुपतं. त्याऐवजी खोलीची मांडणीच अशी करा की पात्र फार आत जाणार नाही.

निव्वळ मजकूर

इथे खोल्या स्वस्त आणि शब्द महाग. वर्णनात आलेलं प्रत्येक नाम खेळाडू तपासून पाहणारच. 'कोपऱ्यात धुळकट कपाट, वर पितळी दिवा' असं लिहिलंत की कपाट, दिवा आणि धूळ तिन्हीला उत्तर हवं. ते द्यायचं नसेल तर वाक्यातून नामच काढा. छोट्या गेममध्ये हाच मार्ग चांगला. दोन किल्ल्या असतील तर दोघींना वेगळं विशेषण द्या, नाहीतर पार्सर 'कुठली किल्ली?' विचारत राहील आणि खेळाडूकडे द्यायला उत्तरच नसेल.

इन्फॉर्म ७ चा कोड इंग्रजी वाक्यांसारखा दिसतो, म्हणून सोपा वाटतो. वाचायला आहेही, लिहिताना मात्र त्याची ठरलेली रचना तंतोतंत पाळावी लागते. पनीइन्फॉर्मकडे जाणाऱ्यांनी झेड-मशीनच्या (हे गेम ज्यावर चालतात त्या कल्पित संगणकाच्या) तिसऱ्या आवृत्तीच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात: फाइल १२८ केबी, वस्तू २५५, आणि खोल्याही वस्तूंतच मोजल्या जातात.

मजकुरी गेमची खरी जमेची बाजू टीकेच्या बाबतीत आहे. टेस्टरने सुरुवातीला 'ट्रान्स्क्रिप्ट' टाइप केलं की पुढचं सगळं फाइलमध्ये उतरतं. तो कुठे अडला आणि कुठले शब्द वापरून पाहिले, हे त्याला आठवावं लागत नाही. एजीएसमध्ये त्यासाठी पडद्याचं रेकॉर्डिंग मागा.

टीका मागताना आणि करताना

'मध्येच अडकलो' या वाक्यातून काही दुरुस्त करता येत नाही. कुठल्या खोलीत, हातात कुठल्या वस्तू, काय करायचं होतं आणि त्यासाठी काय केलं, या चार गोष्टी लिहा. उपाय सुचवण्याची घाई नको. 'इथे दिवा लागेल असं वाटलं' हे 'इथे दिवा लावा' यापेक्षा जास्त उपयोगी आहे. करणाऱ्याने टेस्टर पुरवून वापरावेत: आधी दोघे, मग दुरुस्ती, मग नवे दोघे. एकदा कोडं सुटलेला माणूस पुन्हा कोरा होत नाही.

मृत्यू चालेल, जुन्या सिएराची ती खूणच आहे. पण पहिल्या खोलीत राहिलेल्या वस्तूमुळे शेवट अशक्य होणं आणि गेमने ते न सांगणं, हे अर्ध्या तासाच्या गेममध्येही खपवून घेऊ नये. कोणती वस्तू कुठल्या दाराआधी मिळालीच पाहिजे, याचा बाणांचा नकाशा काढला की असे सापळे कोड लिहिण्याआधीच दिसतात.

पात्रं उसनी घेणार असाल तर हक्कांचा प्रश्न येतो. 'किंग्ज क्वेस्ट'च्या जगातल्या 'द सिल्व्हर लायनिंग' या फॅन गेमला २००५ मध्ये तेव्हा हक्क असलेल्या विवेंडीकडून आणि २०१० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनकडून काम थांबवायची नोटीस आली. पुढे परवानगी मिळून पहिला भाग जुलै २०१० मध्ये निघाला, पण दरम्यान वर्षं गेली. फुकट वाटला म्हणून गेम सुरक्षित होत नाही. एका महिन्यात होईल एवढाच घाट घाला आणि नावं बदलून गोष्ट उभी राहते का, ते आधीच तपासा.

सोळा रंग हवेत, टाइप करायची मजा हवी, पण पट्ट्यांचा आणि रंगभरणीचा जाच नको, अशांसाठी मधली वाट आहे: एजीएसमध्येच पार्सर आहे. शब्दयादी आणि सेड जवळपास सिएरासारखेच. मजकूर टाइप करायची चौकट मात्र स्वतः मांडावी लागते. शिवाय न समजलेला शब्द गेमला साठवून ठेवता येतो. तो फाइलमध्ये लिहून घेतला, की पुढच्या आवृत्तीत कुठले समानार्थी शब्द घालायचे, त्याची यादी टेस्टरकडून आयतीच येते.