सेन्सर एक नंबर, क्लिप भंगार: बुटावरच्या फूटपॉडचा वर्षभराचा अनुभव

क्लिप तुटली. फूटपॉड म्हणजे बुटाच्या लेसवर बसवायचा छोटा सेन्सर, पळण्याचा वेग आणि अंतर मोजून फोनमधल्या ॲपला कळवणारा. तो सेन्सर चालू आहे, ॲप चालू आहे, कानात गाणी चालू आहेत. सेन्सरला लेसवर धरून ठेवणारा प्लास्टिकचा तुकडा तेवढा तुटला आणि साडेपाच हजारांची वस्तू ड्रॉवरमध्ये जाऊन पडली. त्या रागातच लिहायला बसलोय, त्यामुळे थोडं तिखट लागलं तर लागू दे. स्पेसिफिकेशन्स तुम्हाला माहीत आहेतच, बॉक्सवर छापलेलं इथं पुन्हा उतरवत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही.

मी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर पळतो. फोन दंडाला, कानात ब्लूटूथ इअरफोन. नुसता फोन घेऊन पळणाऱ्यांना ही कटकट ठाऊक असेल: जीपीएस एकूण अंतर बऱ्यापैकी सांगतो, पण 'आत्ता किती वेगानं पळतोयस' विचारलं की गडबडतो. झाडांखाली शिरलो की पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) साडेपाच, मोकळ्यावर आलो की साडेसात, आणि पाय आपले एकाच चालीनं चाललेले. इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात थोडं सावकाश असं आलटून पालटून पळायचं, तर हा आकडा काय कामाचा? एक मिनिट जोरात पळायचं असतं, आणि त्यातली पहिली वीस सेकंदं फोनला पत्ताच लागत नाही. फूटपॉड दोन-चार पावलांत बदल दाखवतो. मी पैसे मोजले ते यासाठी.

तो मोजतो कसा, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. आत ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल टिपणारा) आणि जायरो (वळणं-फिरणं टिपणारा) असतात. पाऊल जमिनीला टेकलं की क्षणभर स्थिर होतं. तिथं सेन्सर खातं शून्यावर आणतो आणि पुढच्या टेकण्यापर्यंत पाय किती पुढं गेला त्याचा हिशेब मांडतो. म्हणजे बूट आणि सेन्सर एकजीव पाहिजेत. सेन्सर बुटावर जरा जरी डुलला, तरी तो डुलणंही पायाच्या चालीत धरतो. अचूकपणाची अर्धी जबाबदारी सेन्सरवर आणि अर्धी त्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपवर. कंपनीनं पहिल्या अर्ध्यावर पैसा ओतलाय आणि दुसऱ्या अर्ध्यावर वाचवलाय.

या प्रकाराशी माझी ओळख जुनी आहे. 2006 मध्ये नायकी आणि ॲपलनं मिळून आयपॉड नॅनोसाठी, म्हणजे ॲपलच्या गाणी ऐकायच्या छोट्या यंत्रासाठी, किट काढलं होतं, अमेरिकेत 29 डॉलरला. पुण्यात नोकरीला असलेल्या थोरल्या भावाकडं ते होतं आणि दिवाळीला आला की ते माझ्या ताब्यात. नॅनोच्या बुडाला एक छोटा रिसीव्हर लावायचा आणि सेन्सर डाव्या बुटात. गाणं ऐकता ऐकता मधलं बटण दाबलं की अंतर-वेळ कानात सांगायचा, आणि दाबून धरलं की आधी निवडून ठेवलेलं 'पॉवरसाँग' वाजायचं. चढावर त्याचा काय उपयोग व्हायचा, सांगता सोय नाही. त्या सेन्सरचा हिशेब साधा होता. पाय जमिनीवर किती वेळ टेकलेला राहतो यावरून वेग काढायचा, कारण जितकं जोरात पळाल तितका टेकण्याचा वेळ कमी. अचूकपणात आजचे पॉड पुष्कळ पुढं आहेत. पण त्या जुन्या किटमध्ये सेन्सर बुटाच्या तळातच, इनसोलखालच्या खाचेत बसायचा. क्लिप नावाची भानगडच नव्हती. खाच असलेले बूट त्यांचेच घ्यावे लागायचे आणि आतली बॅटरी सीलबंद, हजारेक तास वापरली की सेन्सर फेकायचा, या दोन गोष्टी तेव्हाही पटल्या नव्हत्या. आता बॅटरी बदलता येते, बूट कुठलाही चालतो आणि सगळं ओझं एका प्लास्टिकच्या पट्टीवर आलंय.

कॅलिब्रेशन न करता, म्हणजे मोजलेल्या अंतरावर पळून आकडा जुळवून न घेता, हा पॉड वापरू नका. शाळेच्या क्रीडास्पर्धा झाल्या की मैदानावर चुन्याच्या रेषा आठवडाभर टिकतात, तो मुहूर्त साधायचा. मी 200 मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमधून दोन किलोमीटर भरवले. ॲपनं 2.08 दाखवले. खरं अंतर भागिले दाखवलेलं अंतर, म्हणून ॲपमधला फॅक्टर (दुरुस्तीचा टक्का) 100 वरून 96.2 केला. आतली लेन सोडू नका. 400 मीटरच्या ट्रॅकवर आठव्या लेनची फेरी 450 मीटरच्या वर जाते, आणि बाहेरून पळून कॅलिब्रेट केलं की सेन्सर बिचारा विनाकारण खोटा ठरतो. नेहमीच्या वेगानंच पळा. चालताना आकडा थोडा चुकतोच, त्याला इलाज नाही. यानंतर पाच किलोमीटरमागं फरक वीस-तीस मीटरवर आला. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते आणि वर दोन ओळी कौतुकाच्या.

मग पेस बिघडायला लागला. रोज नाही, अधूनमधून. बॅटरी बदलली, ॲप काढून परत टाकलं, फॅक्टर पुन्हा काढला. शेवटी बूट हातात घेऊन सेन्सर अंगठ्यानं हलवून बघितला तर तो कुरकुर करत डुलत होता.

क्लिप नीट बघा. तिला दोन पाय आहेत. ते लेसच्या खालून सरकवायचे आणि वरून पॉड टच्चकन बसवायचा. माझ्या क्लिपच्या डाव्या पायाला, तो वळतो बरोबर त्याच ठिकाणी, पांढरी रेघ उमटली होती. तिथं जाडी जेमतेम एक मिलिमीटर आणि कोपरा धारदार काटकोनात. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपवर काम करतो. आमच्याकडं पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बनवणारा पोरगाही आतल्या कोपऱ्याला गोलाई देतो, कारण धारदार कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो. ही काही गुप्त विद्या नव्हे. साच्यात एक मिलिमीटरची गोलाई दिली असती तर मटेरियलचा खर्च पाच पैशांनीही वाढला नसता. दर पावलाला क्लिपचा तो पाय एकदा वाकतो, आणि पाच किलोमीटरमध्ये एकेका बुटाची दोन हजारांच्या वर पावलं पडतात. पांढऱ्या रेघेनंतर पंधरवड्यात क्लिपचा पाय निखळून रंकाळ्याच्या कडेला पडला. सेन्सर मागून फिरायला येणाऱ्या एका आजींनी उचलून दिला, "बाळा, तुझं बटण पडलं," म्हणत.

कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, क्लिप ॲक्सेसरीमध्ये येते, तिला वॉरंटी नाही."

"हरकत नाही, विकत द्या."

"सर, क्लिप वेगळी विक्रीला नाही."

"मग मी काय करायचं?"

"सर, नवीन युनिट घेतलंत की त्यासोबत क्लिप मिळते."

हे ती मुलगी इतक्या गोड आवाजात बोलली की मला ओरडताही येईना. वर साहेबांशी बोललो, मेल केला, तुटक्या पायाचा फोटो बाजूला पट्टी ठेवून पाठवला. 'आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.' कोल्हापुरात त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही, नाहीतर काउंटरवर जाऊन बसलो असतो.

थ्रीडी प्रिंटवाल्यानं एका क्लिपचे साडेतीनशे सांगितले. तेवढ्यात चांगला तांबडा-पांढरा होतो. म्हणून सेन्सर खिशात टाकून चप्पल लाईनला गेलो. दुकानांच्या पुढं बसून चपला शिवणाऱ्या एका मामांकडं माझी चप्पल असते.

"हे काय आणि?" मामांनी पॉड उलटापालटा केला.

"बुटाला लावायचंय. पावलं मोजतंय."

"पावलं मोजून काय करतासा? पगार मिळतुय व्हय पावलाला?"

हसले, पण काम असं केलं की बघत राहावं. सेन्सर कातड्यावर ठेवून कडेनं नखानंच रेघ ओढली, रापीनं एका दमात कापलं, आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं तीन बाजू शिवल्या, चौथ्या बाजूला झाकण आणि टिचबटण. मागच्या बाजूला लेस ओवायला दोन आडव्या चिरा. चिरांच्या दोन्ही टोकांना मामांनी न सांगता गोल भोकं पाडली, तडा पुढं सरकू नये म्हणून. मोल्डचा डिझायनर जिथं घसरला तिथं मामांची आरी बरोबर थांबली. ऐंशी रुपये. पॉड आत इतका घट्ट बसला की काढायला चिमटीचा जोर लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेसची रेघ सरळ. कातड्यातून ब्लूटूथचा सिग्नल आरामात येतो, त्याची भीती बाळगू नका.

जून लागला आणि कातडं भिजलं. कोल्हापूरचा पाऊस एकदा धरला की सोडत नाही, आणि पावसाळ्यात कातडी चप्पल माळ्यावर जाते हे इथं पोराटोरांना कळतं. पाऊच सैल पडला आणि सेन्सर पुन्हा डुलायला लागला. त्यावरचा उपाय फुकटात झाला. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूबचा बोटभर रुंदीचा वेढा कापून आणला आणि पाऊचवरून लेससकट चढवला. दिसायला भयंकर, पण पकड एकदम कडक.

आता फोनबद्दल, कारण गाण्यासोबत वापरणाऱ्यांचा निम्मा त्रास फोनच देतो. पॉड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायला जाऊ नका, थेट ॲपच्या सेन्सर मेनूमधून जोडा. दोन रनिंग ॲप असतील तर एक पूर्ण बंद करा, नाहीतर पहिलंच सेन्सर पकडून बसतं आणि दुसरं शोधत राहतं. सगळ्यात चीड आणणारा प्रकार अँड्रॉइडच्या बॅटरी सेव्हरचा: स्क्रीन बंद झाली की तो रनिंग ॲपला झोपवतो आणि गाण्याच्या ॲपला हात लावत नाही. तुम्ही मस्त गाण्यावर ताल धरून पळताय आणि घरी आल्यावर बघताय तर नोंद पहिल्या किलोमीटरलाच थांबलेली. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन निर्बंध काढले की हे थांबतं, आणि फोनचं अपडेट आलं की पुन्हा तपासावं लागतं. फोन मागच्या खिशात ठेवला तर सिग्नल मधेच तुटतो, कारण अंगातलं पाणी तो अडवतं. ज्या पायाला पॉड त्याच बाजूच्या दंडाला फोन, हे सगळ्यात बरं. कॅलरीच्या आकड्याकडं मी बघत नाही. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर पळला की साडेतीनशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा मोठा पेला रिचवला की जवळपास तेवढ्याच परत येतात.

इथपर्यंतचं वाचून वाटेल की मी हा विकायला काढलाय. काढलाही होता, किंमतही ठरवली होती. पण पावसाच्या झडीत मंगळवार पेठेतली जिम लावली आणि विचार बदलला. ट्रेडमिलवर जीपीएसचा काहीच उपयोग नाही, तिथं पॉडच खरा. ट्रेडमिल दाखवत होती ताशी 10 किलोमीटर, पॉड म्हणत होता 9.3. ट्रेनर ठाम: "मशीन बरोबर आहे, तुमचं ते बटण चुकतंय." म्हटलं, मोजूया. मशीन बंद करून टेपनं पट्टा मोजला, पूर्ण वेढा 3.2 मीटर भरला. कडेला खडूची खूण केली, 10 चा वेग लावला, मी पळत राहिलो आणि मित्रानं खूण मोजली. वेग खरंच 10 असेल तर मिनिटाला 52 फेरे व्हायला हवेत. झाले साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे ताशी 9.3. माणसाचं वजन पडलं की पट्टा दबून मंद होत होता आणि मशीनला त्याची खबर नव्हती. ट्रेनरनं परत मोजायला लावलं, आकडा तोच आला. त्या दिवशी सेन्सरबद्दलचा सगळा राग उतरला. क्लिपबद्दलचा उतरलेला नाही, उतरणारही नाही.

बॅटरीची तक्रार नाही. सीआर 2032, नाणं सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो. बिनब्रँडचे स्वस्त सेल महिन्याभरात माना टाकतात, तेवढी काटकसर मलाही परवडली नाही. जुना सेल लगेच टाकून द्या, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. गिळला तर गंभीर मामला होतो.

गेल्या आठवड्यात कंपनीचा मेल आला: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?' एक दिला आणि सोबत मामांच्या पाऊचचा फोटो जोडला. फोटो मोठा आहे म्हणून त्यांच्या साईटनं घेतला नाही.

माझ्याकडून सेन्सरला साडेचार तारे, क्लिपला शून्य. कुणी सेकंडहँड घेणार असाल तर सेन्सर नंतर तपासा, आधी क्लिप उजेडात धरून तिच्या डाव्या पायाच्या कोपऱ्यात पांढरी रेघ दिसते का बघा. दिसली तर ठरलेल्या किमतीतून ऐंशी रुपये कमी करून मागा.