युरोपात कॅमेरा कुठे सांभाळायचा: अंगावर, खोलीत की विम्याच्या भरवशावर?

बार्सिलोनाची ला रांब्ला आणि मेट्रो, रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनच्या दिशेने जाणारी ६४ नंबरची बस, पॅरिसमध्ये विमानतळावरून शहरात येणारी आरईआर बी ही लोकल ट्रेन. युरोपला जाणारे आपले बहुतेक पर्यटक यांपैकी एकातून तरी जातातच, आणि खिसेकापूही तिथेच असतात. यातली बहुतेक चोरी मारहाणीची नसते. खांद्यावर कोणीतरी काहीतरी सांडतं, दुसरा आपुलकीने पुसायला येतो आणि तेवढ्यात तिसरा पायाशी ठेवलेली बॅग उचलतो. कॅफेत खुर्चीच्या पाठीला अडकवलेली सॅक जाते. तिकिटाच्या मशीनपाशी दोन्ही हात गुंतलेले असताना जाते. म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: माझा हात आणि नजर बॅगेवर नसताना ही वस्तू काय करणार आहे?

सॅक, स्लिंग की ‘अँटी-थेफ्ट’ बॅग

दोन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे), तीन लेन्स आणि फ्लॅश न्यायचा असेल तर सॅकला पर्याय नाही, कारण सहा-सात किलो वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. पण तिच्या चेन आपल्या नजरेआड असतात. गर्दीत सॅक पुढे घ्यावी हा सल्ला बरोबर आहे, मात्र एवढं वजन पोटावर घेतलं की मेट्रोच्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि दहा मिनिटांत माणूस ती पुन्हा पाठीवर टाकतो. लोप्रोच्या फ्लिपसाइडसारख्या सॅक पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडतात, त्यामुळे अंगावर असताना मागून कोणी मुख्य कप्पा उघडू शकत नाही. मात्र कॅमेरा काढायला ती दरवेळी उतरवावी लागते, आणि जमिनीवर टेकवलेली बॅग हीच चोराची संधी. उतरवायचीच असेल तर कमरेचा पट्टा बांधलेला ठेवून खांद्याचे पट्टे सोडा आणि सॅक फिरवून पोटासमोर आणा. फ्लिपसाइडची रचना याचसाठी आहे.

पाच-सहा लिटरची स्लिंग, म्हणजे एका पट्ट्याची तिरकी अडकवायची छोटी बॅग, छातीवर किंवा काखेत राहते. एक बॉडी, त्यावर २४-७० झूम लेन्स किंवा दोन छोट्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स, बॅटऱ्या आणि कार्डं एवढंच तिच्यात मावतं. शहरात चालत फोटो काढणाऱ्यासाठी आमचं मत स्पष्टपणे स्लिंगच्या बाजूने आहे. कमी सामान म्हणजे दिवसभर कमी थकवा, आणि न थकलेल्या माणसाचं लक्ष जाग्यावर असतं.

पॅकसेफसारख्या अँटी-थेफ्ट बॅगांत कापडाच्या आत स्टीलची जाळी, पट्ट्यात तार आणि अडकवता येणाऱ्या चेन असतात. ब्लेडने बॅग फाडण्यावर जाळीचा चांगला उपयोग होतो, पण अख्खी बॅग उचलून नेणाऱ्यासमोर तिचा काही उपयोग नाही. खरी कामाची सोय म्हणजे पट्टा सोडून खुर्चीच्या पायाभोवती अडकवता येणं. तेवढ्यासाठी जाळीचं जास्तीचं वजन सात किलोंच्या केबिन मर्यादेत बसवायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. साध्या बॅगेच्या दोन चेनचे ओढायचे गोंडे एका छोट्या क्लिपने एकमेकांत अडकवले तरी उघडायला काही सेकंद लागतात, आणि गर्दीतला चोर तेवढा थांबत नाही. चेनला कुलूप लावून मात्र निर्धास्त होऊ नका. नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन बॉलपेनचं टोक दाबून दोन दातांमधून उघडते आणि गोंडा पुन्हा फिरवला की बंदही होते, कुलूप जागच्या जागी. कुलपापेक्षा चेन कोणती आहे ते आधी पाहा.

पट्ट्याबद्दल एक गंभीर गोष्ट. तार घातलेला न कापला जाणारा पट्टा, किंवा नव्वद किलोपर्यंत ताण सहन करणारे पीक डिझाइनचे अँकर (पट्टा कॅमेऱ्याला जोडणारे छोटे जोड), पायी चालणाऱ्या चोरासमोर उत्तम. नेपल्ससारख्या शहरात स्कूटरवरून हिसका मारला जातो, आणि तिथे पट्टा तुटला नाही तर माणूस फरफटतो. कॅमेरा नेहमी रस्त्यापासून लांबच्या बाजूला, भिंतीकडे ठेवा, आणि हिसका बसलाच तर सोडून द्या.

खोलीतली तिजोरी, तारेची जाळी की रिसेप्शन

इथे बहुतेक जण चुकीची तुलना करतात. तिजोरी सुरक्षित की जाळी, असं विचारतात. कायद्याने फरक पडतो तो तिसऱ्याच पर्यायात.

खोलीतल्या तिजोरीत पासपोर्ट, पैसे, छोटी मिररलेस बॉडी मावते. ७०-२०० ची लांब झूम लेन्स लावलेला कॅमेरा बहुधा मावत नाही. तिला कर्मचाऱ्यांकडे मास्टर कोड किंवा किल्ली असतेच, कारण पाहुणे आपला कोड विसरतात. खोलीत शिरल्यावर आधी ती दोन्ही हातांनी हलवून पाहा. कपाटाला बोल्टने पक्की नसेल तर ती चोराच्या सोयीचा डबा ठरते.

स्टीलच्या जाळीत अख्खी सॅक गुंडाळून केबलने बांधता येते, पण बांधायचं कशाला हा प्रश्न असतो. टेबलाचा पाय नको. टेबल उचललं की फास निघतो. बेसिनखालचा पाइप किंवा जोडकाम केलेली पलंगाची लोखंडी चौकट चालते. कटर घेऊन आलेल्यासमोर जाळी टिकत नाही. साफसफाईच्या वेळी दार उघडं राहिलं आणि कोणी आत डोकावलं, अशा चोरीसाठी ती पुरेशी आहे. वसतिगृहात, जिथे खोलीत सहा अनोळखी माणसं झोपतात, तिथे आम्ही जाळीच सुचवू.

आता रिसेप्शन. इटली आणि फ्रान्समध्ये खोलीतून वस्तू चोरीला गेली तर हॉटेलमालकाची जबाबदारी साधारणपणे खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. १२० युरोंची खोली असेल तर ती मर्यादा १२,००० युरो. वस्तू हॉटेलच्या ताब्यात सोपवली असेल तर ही वरची मर्यादाच राहत नाही. जर्मनीतही शंभर पटींचा नियम आहे, पण तिथे कमाल ३,५०० युरो आणि मौल्यवान वस्तूंसाठी ८०० युरो अशी मर्यादा आहे. ‘सामानाची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही’ अशी पाटी इटलीत कायद्यापुढे टिकत नाही. मात्र पाहुण्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर हक्क जातो, आणि इटलीत चोरी लक्षात आल्यावर हॉटेलला कळवायला विनाकारण उशीर केला तरी तो जातो.

म्हणून जी लेन्स आज लागणार नाही ती पिशवीत बंद करून रिसेप्शनला द्या, आणि पावतीवर ‘एक बॅग’ असं न लिहून घेता मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. हॉटेलच्या मानाने वस्तू फारच किमती किंवा अवजड असेल तर ते नकार देऊ शकतात. भाड्याच्या खासगी अपार्टमेंटला हे संरक्षण गृहीत धरू नका. तिथे तिजोरी नसेल तर सामान अंगावरच.

गाडी, ट्रेन, विमान

गाडीच्या डिकीला आम्ही पर्यायच मानत नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या एपी-७ महामार्गावर ‘तुमचं चाक पंक्चर आहे’ अशी खूण करून गाडी थांबवायला लावतात आणि एक जण मदत करत असताना दुसरा मागचं दार उघडतो. शिवाय बहुतेक विमा पॉलिसी माणूस नसलेल्या गाडीतली चोरी वगळतात. अगदीच नाइलाज असेल तर सामान निघतानाच डिकीत टाका. पार्किंगमध्ये पोहोचून डिकी उघडली की बघणाऱ्याला पत्ता कळतो.

ट्रेनमध्ये दाराजवळच्या सामानाच्या रॅकवर कॅमेऱ्याची बॅग कधीही नको. गाडी सुटायच्या आधीची दोन मिनिटं सर्वांत धोक्याची. डोक्यावरच्या फळीपेक्षा समोरच्या फळीवर ठेवलेली बॅग सतत दिसते. त्याहून बरी मांडीवर.

विमानात प्रश्न फक्त केबिन की चेक-इन एवढाच, आणि उत्तर केबिन. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालतच नाहीत. चेक-इन सामान हरवलं तर माँट्रियल करार या हवाई प्रवासातल्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर. शिवाय बहुतेक कंपन्या आपल्या अटींत कॅमेरा चेक-इनमध्ये ठेवूच नका असं लिहून ठेवतात. सॅकच्या आत उचलून काढता येईल असा गादीदार खण ठेवा. दारावर ‘बॅग खाली द्या’ म्हटलं की खण काढून हातात घ्या आणि रिकामी सॅक द्या.

एअरटॅग की विमा

दोन्ही घ्यावेत, पण पैसे एकावरच घालायचे असतील तर विम्यावर. एअरटॅग हा ॲपलचा वस्तू शोधायचा छोटा टॅग. तो सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीवर वर्षभर चालतो आणि बॅग चुकीच्या विमानात गेली तर खरोखर उपयोगी पडतो. चोरीत मात्र अडचण अशी की अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय हे चोराच्या फोनलाही कळवलं जातं. पाठलागापासून लोकांना वाचवण्यासाठी ती सोय मुद्दाम केलेली आहे. टॅग बाहेरच्या खिशात न ठेवता तळाच्या गादीखाली शिवून टाका. तो एखादी इमारत दाखवेल, कितवा मजला ते सांगणार नाही. एकट्याने तिथे जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

विम्यात गफलत होते ती प्रवास विम्याबद्दल. त्यातलं सामानाचं कलम बहुधा चेक-इन सामानापुरतं असतं, आणि खांद्यावरून गेलेला कॅमेरा त्यात बसत नाही. कॅमेऱ्यासाठी वेगळी ‘ऑल रिस्क’ (सर्व प्रकारच्या नुकसानीची) पॉलिसी मागा आणि तीन गोष्टी लेखी घ्या: संरक्षण भारतापुरतं आहे की जगभर, भरपाई घसारा वजा करून मिळेल की नव्या किमतीने, आणि व्यावसायिक वापर चालतो का. परदेशातल्या लग्नांच्या चित्रीकरणाला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी तिसरा मुद्दा लपवू नये. दावा तिथेच फेटाळला जातो.

एकच बॉडी आणि कुटुंबासोबतची सहल असेल तर स्लिंग, चेनची क्लिप आणि पॉलिसी एवढं पुरे. जाळीवर पैसे घालू नका. दोन बॉडी नेणाऱ्या हौशी माणसाने दुसरी रिसेप्शनला द्यावी. व्यावसायिकाने दर रात्री फोटोंच्या दोन प्रती काढाव्यात आणि कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावीत, कारण बॉडी पुन्हा विकत घेता येते, लग्नाचे फोटो नाहीत.

चोरी झालीच तर बार्सिलोनात मोसोस द’एस्क्वाद्रा (कातालुन्याचे पोलिस), इटलीत काराबिनिएरी किंवा पोलिस, फ्रान्समध्ये जवळचं कोमिसारिया (पोलिस ठाणं) इथे त्याच दिवशी तक्रार द्या. त्यात प्रत्येक सिरियल नंबर आणि बॅग अंगावर होती की कशाला बांधलेली होती हे जसं घडलं तसं लिहा, कारण विमा कंपनी तेच वाक्य आधी वाचते. शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. निघताना भारतीय विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलं असेल, तर परतताना ते आपल्या जुन्या सामानाला शुल्कातून वाचवतं. चोरीनंतर परदेशात घेतलेल्या नव्या कॅमेऱ्याला ते लागू होत नाही. त्याचं बिल वेगळं ठेवा आणि शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर लाल चॅनलमधून बाहेर पडा.