कायमचंच जायचं तर चंद्र की मंगळ?

परतीचं तिकीट नाही, हे दोन्हीकडे सारखंच धरू. २०१३ साली नेदरलँड्सच्या ‘मार्स वन’ने मंगळावर कायमचं राहायला जाणाऱ्यांचे अर्ज मागवले, तेव्हा मी मालवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर होतो आणि खरोखर अर्ज भरायला बसलो होतो. अर्धा भरून थांबलो. ती संस्था २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण जायचंच तर कुठे, हा प्रश्न काही सुटला नाही.

राहण्याच्या सोयी बघाल तर मंगळ सरस, हे आधीच मान्य करतो. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. पश्चिमेकडे निघालं की बोटीवर घड्याळं तासभर मागे घेतात. ती जादा झोप मी वर्षानुवर्षं घेतली आहे, त्यामुळे रोजची ३९ मिनिटं कुणालाही पचतील असं वाटतं. हवा विरळ खरी, पण तिच्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरच्या ‘मॉक्सी’ उपकरणाने त्यातून १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू काढून दाखवला. आकडा लहान वाटेल. पण समुद्राच्या पाण्यापासून प्यायचं पाणी ज्याने बोटीवर रोज केलं आहे, त्याला लागेल ते जागच्या जागी तयार करता येण्याचं मोल कळतं.

चंद्रावर एक रात्र आपल्या १४ दिवसांची. चांद्रयान-३ चं यान विक्रम आणि त्याची गाडी प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये त्या रात्रीआधी झोपवले, ते पुन्हा उठलेच नाहीत. शिवाय धूळ. वारा नाही, पाणी नाही, म्हणून कण झिजलेले नाहीत, धारदारच राहिलेत. अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांना यानात आलेल्या त्या धुळीने शिंका आणि चोंदलेलं नाक असा त्रास झाला होता. इंजिन रूममध्ये राहिलेल्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

इथवर मंगळच पुढे आहे. माझा काटा फिरला तो घरच्यांशी बोलण्यावरून.

मी बोटीवर लागलो तेव्हा पत्रांचे दिवस होते. एकदा आईचं पत्र परदेशातल्या बंदरात हातात पडलं: ‘ह्यांना ताप आहे, काळजी करू नकोस.’ मी लगेच उलट लिहिलं, डॉक्टर काय म्हणाले, रक्त तपासलं का. उत्तर पुढच्या बंदरात, तीन आठवड्यांनी मिळालं. ज्या तापाची काळजी मी एवढे दिवस वाहिली, तो माझ्या हाती पहिलं पत्र पडण्याआधीच उतरला होता.

पुढे उपग्रहाचा फोन आला. उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर, त्यामुळे बोलणं जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायचा. तेवढ्यानेही गोंधळ व्हायचा. आईचा ‘हं’ पोचेपर्यंत मी पुढचं वाक्य सुरू केलेलं असायचं. ती थांबायची, मग मीही थांबायचो, मग दोघं एकदमच बोलायला लागायचो. शेवटी ती प्रत्येक वाक्यानंतर ‘झालं माझं’ म्हणायला लागली आणि आम्ही पोटभर बोलू लागलो.

चंद्रावर हा ‘हं’ साधारण अडीच सेकंदांनी येईल. त्रास होईल, पण सवय होते, हे मी अनुभवाने सांगतो. मंगळावर तो ग्रह कुठे आहे त्यावर सहा मिनिटं ते पाऊण तासाच्या आत-बाहेर लागतील. शिवाय दर २६ महिन्यांनी सूर्य आड येतो, तेव्हा जवळपास दोन आठवडे यानांशी संपर्क थांबवावा लागतो. बोलताना समोरच्याचा हुंकार नसेल तर गोष्ट सांगता येत नाही, फक्त बातमी पाठवता येते. आणि चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला राहिलं तर पृथ्वी कायम आकाशात, जवळपास एकाच जागी दिसते. मंगळावरून ती एक ठिपका.

एकांत ज्यांना मनापासून मानवतो, त्यांना मंगळ अधिक भावेल, आणि त्यांची निवड चुकली असं मी म्हणणार नाही. मी मात्र धूळ आणि लांब रात्र पत्करून चंद्र घेईन.

ठरवण्याआधी एक करून बघा. आठवडाभर घरच्यांशी फक्त आवाजी निरोपांनी बोला आणि निरोप आला की वीस मिनिटं थांबूनच तो ऐका. मी आणि बायकोने हे केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांना प्रश्न विचारणं सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी तिने रात्री एकच मोठा निरोप पाठवला. वाणसामान, विजेचं बिल, नातीचा खोकला, सगळं ओळीने, आणि शेवटी ‘बाकी सर्व ठीक’. आईची पत्रं अगदी अशीच असायची.