चारशे मीटरच्या स्पाइक्ससाठी चप्पल लाईनजवळचे एक दुरुस्तीचे दुकान

गेली चौदा वर्षे मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि चारशे मीटर ही माझ्या विशेष जिव्हाळ्याची शर्यत आहे. कुस्ती आणि फुटबॉलच्या या गावात एका फेरीच्या धावपटूला प्रेक्षक कमी मिळतात आणि साहित्य त्याहून कमी मिळते. त्यामुळे चांगल्या स्पाइक्सची, म्हणजे तळाला खिळे असलेल्या धावण्याच्या बुटांची, एखादी जोडी हाती आली की ती दोन-तीन मुलांच्या पायांतून जाईपर्यंत टिकवावी लागते. अशाच एका जोडीचा डाव्या बुटाचा पुढचा सोल गेल्या पावसाळ्यात चवड्यापाशी उघडला आणि उजव्या बुटाचे दोन खिळे तांबड्या मातीने व गंजाने आपल्या जागीच जाम झाले. नवी जोडी साडेचार हजारांच्या खाली मिळत नव्हती, आणि ज्या मुलाचे ते बूट होते त्याच्या घरी तेवढी रक्कम मागणे मला शक्य नव्हते.

दोन ठिकाणी नकार मिळाला. एका कारागिराने सोल चुका (बारीक खिळे) ठोकून बसवून देण्याची तयारी दाखवली, पण धावण्याच्या बुटात चुका ठोकल्या तर चवडा वाकतच नाही, म्हणून मीच ते बूट परत घेतले. मग एका पालकांनी चप्पल लाईन या चपलांच्या बाजारपेठेजवळच्या एका बोळातील दुकानाचे नाव काढले. नाव काढले असे म्हणतो, पण दुकानाला पाटी नाही. आठ बाय सहाची जागा, दारात बसण्याचे एक लाकडी खोड, भिंतीला टांगलेले फरमे (बुटांचे साचे) आणि कमावलेल्या कातड्याचा वास. दुकानदारांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

मामांनी दोन्ही बूट शेजारी शेजारी उलटे धरले आणि बराच वेळ तळ पाहत राहिले. मी काय बिघडले आहे ते सांगू लागलो तेव्हा त्यांनी हातानेच थांबवले. "सर, ही जोडी चालून झिजल्याली न्हाई," ते म्हणाले. "डाव्या बुटाची करंगळीकडची बाजू गेली आणि उजव्याची अंगठ्याकडची. दोन्ही बूट डावीकडंच झिजल्यात. पोरगं गोल पळतंय का?"

चारशे मीटर शिकवणाऱ्या माणसासाठी हे वाक्य किती मोलाचे आहे, हे सांगण्यासाठी शर्यतीबद्दल थोडे लिहावे लागेल. प्रमाणित मैदानावर धावपटू नेहमी डावीकडे वळतात, आणि सर्वांत आतल्या लेनमध्ये चारशे मीटरपैकी सुमारे 231 मीटर अंतर वळणावरच कापावे लागते. पूर्ण फेरी आपल्याच लेनमध्ये धावायची असल्यामुळे आत सरकून वळण सोपे करून घेण्याची सोय नसते. शरीर आत झुकते, भार दोन्ही पावलांच्या डाव्या कडेवर येतो आणि बूट तिथेच फाटतात. बाहेरच्या लेनचे वळण त्या मानाने पसरट असते. आठव्या लेनचा धावपटू पहिल्या लेनच्या 53.03 मीटर पुढून सुटतो, त्याला सुरुवातीला कोणीच प्रतिस्पर्धी दिसत नाही, आणि तरीही दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्क याने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच लेनमधून धावून 43.03 सेकंदांचा विश्वविक्रम केला. मामांनी यातले काहीही पाहिलेले नव्हते. त्यांनी फक्त तळ पाहिला आणि वळण ओळखले.

काम कसे केले ते तपशिलाने लिहितो, कारण दुरुस्तीचा खरा दर्जा तिथेच कळतो. आधी त्यांनी जुना गोंद रापीने, म्हणजे कातडे कापण्याच्या हत्याराने, खरवडून काढला, बूट फरम्यावर चढवला आणि सोल चिकटवून एक रात्र दोरीने आवळून ठेवला. त्यानंतर झिजलेल्या कडेला, आतल्या बाजूने, पातळ कातड्याची पट्टी आरीने भोके पाडून शिवली. टाका बारीक आणि तिरपा घेतला होता, त्यामुळे चवडा वाकतो तिथे शिवण ताणली जात नाही. जाम झालेल्या खिळ्यांच्या जागी तेलाचे थेंब सोडून त्यांनी ते दोन दिवस तसेच ठेवले आणि मग आटे न मोडता बाहेर काढले. आटे मोडले असते तर तो तळ कायमचा निकामी झाला असता. इतर दुकानांत हीच घाई केली जाते.

आता उणिवा. मामांनी चार दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात नऊ दिवस लागले, आणि मधल्या काळात तीन वेळा मला बोळापर्यंत जाऊन हात हलवत परतावे लागले. दुसरी उणीव वजनाची होती. गुजरीतील, म्हणजे सराफ बाजारातील, एका मित्राच्या तराजूवर मी बूट दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तोलले. डाव्या बुटाचे वजन 14 ग्रॅमने वाढले होते. चालण्याच्या बुटात याला काही अर्थ नाही, पण शेवटच्या शंभर मीटरमध्ये, पाय उचलणेच अवघड होते तेव्हा, प्रत्येक पावलाला ते वजन उचलावे लागते. मी तसे सांगितल्यावर मामांनी वाद न घालता पट्टी उसवली, रापीने आणखी पातळ केली आणि पुन्हा शिवली. वाढ 8 ग्रॅमवर आली. या दुसऱ्या खेपेचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती. पहिल्यांदा लावलेला गोंद ओल्या मैदानावर टिकला नाही. पावसानंतरच्या सरावात टाचेकडचा सोल पुन्हा बोटभर सुटला. त्याच आठवड्यात, 18 सप्टेंबर 2025 रोजी, टोकियोतील जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची पुरुषांची चारशे मीटरची अंतिम शर्यत आम्ही शाळेच्या सभागृहात पडद्यावर पाहिली, आणि तिथला ट्रॅकही पावसाने भिजलेला होता. बोट्स्वानाच्या कॉलेन केबिनात्शिपीने 43.53 सेकंदांत ती जिंकली, त्रिनिदादचा जेरीम रिचर्ड्स 43.72 मध्ये दुसरा आला आणि बोट्स्वानाचाच बायापो एनडोरी 44.20 मध्ये तिसरा. (बोट्स्वानाची लोकसंख्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी आहे, हे मी त्या दिवशी मुलांना मुद्दाम सांगितले.) ओल्या ट्रॅकवर कुणाचेही पाऊल सरकले नाही, आणि आमच्या मुलाचा प्रश्न साहजिकच होता: "सर, माझा सोल मात्र का सुटला?"

उत्तर अर्थात गोंदात होते. मामांनी वापरलेला साधा गोंद चपलांसाठी पुरेसा होता, पण स्पाइकच्या ताठ तळाला आणि पाण्याला तो पुरत नव्हता. त्यांनी ते मान्य केले, वेगळा गोंद आणवला आणि दोन्ही बूट नव्याने चिकटवले. तेव्हापासून चार महिने झाले आहेत आणि सोल हललेला नाही. तरीही ज्यांना भर पावसाळ्यात धावायचे आहे त्यांनी बूट देतानाच गोंदाबद्दल स्पष्ट बोलावे, असा माझा आग्रह आहे.

इतक्या बारकाईने लिहिण्याचे कारण असे, की या शर्यतीत निकाल खरोखरच पावलाच्या मापाने ठरतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या क्विन्सी हॉलने शेवटच्या सरळ पट्ट्यात मागून येऊन 43.40 सेकंदांत सुवर्णपदक घेतले आणि ब्रिटनचा मॅथ्यू हडसन-स्मिथ 43.44 वर राहिला. त्या वेगाने चार शतांश सेकंद म्हणजे हातभरही अंतर होत नाही. 1960 मध्ये रोमच्या कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर मिल्खा सिंग 45.73 सेकंदांत चौथे आले, आणि 2025 मध्ये टी. के. विशालने 45.12 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अशा शर्यतीसाठी घडत असलेल्या मुलाचा एक खिळा जरी नीट रुतला नाही, तर त्याच्या महिन्यांच्या सरावावर पाणी पडते.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार चारशे मीटरच्या बुटाच्या तळाची जाडी 20 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, एका बुटाला अकरापेक्षा जास्त खिळे नसावेत आणि सिंथेटिक ट्रॅकवर खिळ्याची लांबी 9 मिलिमीटरच्या आत असावी. शिवाय मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मान्य यादीतलेच बूट चालतात. मामांनी शिवलेल्या पट्टीमुळे तळाची जाडी वाढत नाही, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे, पण असे दुरुस्त केलेले बूट शालेय व जिल्हा पातळीसाठीच वापरावेत. त्या पातळीवर मला ते नव्या जोडीपेक्षा कोठेही कमी वाटले नाहीत, आणि वळणावर तर उलट अधिक भक्कम वाटले.

सगळ्या कामाचे मिळून 380 रुपये झाले. मी 500 देऊ केले तेव्हा मामांनी वरचे पैसे परत केले आणि विचारले, "पोरगं कितवं आलं?" जिल्हा स्पर्धेत तो तिसरा आला होता, 54.1 सेकंदांत. त्यांनी बूट पुन्हा मागून घेतले, अंगठ्याखालची शिवण अंगठ्यानेच दाबून पाहिली आणि मुलाला सांगितले की दर पंधरा दिवसांनी खिळे काढून तेल लावायचे, नाहीतर पुन्हा माझ्याकडे यावे लागेल. दुकान सोमवारी बंद असते. सकाळी अकराच्या आत गेल्यास मामा निवांत बोलतात. संध्याकाळी चप्पल घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि स्पाइक्स हातात घ्यायला त्यांना वेळ नसतो.