बगलेत मावलेलं चाळीस वॅटचं मशीन

67,250 रुपये, एका लेझर मशीनपायी. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "किती गेले गं?" असं पुन्हा कुणी विचारायला नको. 5,000 टोकन, 29,900 माल निघायच्या आधी, 30,000 माल दारात आल्यावर आणि वर 2,350 ट्रान्सपोर्टचे. यातले 40,000 बचत गटाचं कर्ज आहे. हप्ता अजून चालू आहे.

मी लाकडी नेमप्लेट, किचेन, बक्षिसांची स्मृतिचिन्हं करते. तीन वर्षं कटिंगचं काम कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेझरवाल्या दादांकडे देत होते. चार नेमप्लेटसाठीसुद्धा अख्खा दिवस मोडायचा. म्हणून स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं. हौस नव्हती ती, घरातले काहीही म्हणोत.

जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, तसलीच. "40 वॅट सीओटू लेझर. लकडी, ॲक्रिलिक, काच, स्टील, सब कुछ." सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू भरलेल्या नळीचं लेझर. आता कोऱ्या स्टीलवर त्याने काही उमटत नाही, आधी मार्किंगचा स्प्रे मारावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, जाहिरात आहे, चार शब्द जास्तीचे असायचेच. व्हिडिओत निळा ठिपका फिरत होता आणि पारदर्शक ॲक्रिलिकचा गणपती कापून खाली पडत होता. सीओटूचा किरण डोळ्यांना दिसत नाही. तीन वर्षं दादांच्या मशीनपुढे स्टुलावर बसून पाहिलंय मी: मागे काचेची लांब नळी जांभळट उजळते, तिच्याभोवती पाणी फिरतं, किरण आरशांवरून वळत येतो आणि दिसते फक्त ॲक्रिलिकवरची बारीकशी ठिणगी. निळा दिसतो तो डायोड, म्हणजे बिननळीचं छोटं लेझर, आणि तो निळा उजेड पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो. म्हणजे तो व्हिडिओ जोडलेला होता. मी तो रात्री अकराला, झोपेला आलेल्या डोळ्यांनी, चार वेळा बघितला आणि चारही वेळा गणपतीच बघितला.

पण हेही सोडा. खरी लाज पुढेच आहे.

खोकं आलं तेव्हा ट्रान्सपोर्टचा पोरगा दोन जिने चढून आला. खोकं एका बगलेत, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कुणाशी तरी गप्पा. धापसुद्धा लागली नव्हती. दादांनी त्यांचं मशीन हलवलं तेव्हा चार माणसं लागली होती. आमचं त्याहून लहान असणार होतं, कबूल, पण काचेची नळी, आरसे, पत्र्याची पेटी हे सगळं बगलेत मावतं? बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन 6 किलो, आणि माल म्हणून "खेळणी". मी ते वाचलं. वाचून सही केली! पोरगा म्हणाला, "ताई, टेम्पो खाली डबल पार्किंगला आहे." विक्रेता फोनवर, "मॅडम, पेमेंट कीजिए, फिर बॉक्स खोलिए, वॉरंटी का सवाल है." मी 30,000 पाठवले. पोराची घाई मला माझ्या पैशांपेक्षा मोठी वाटली, दुसरं काय.

आत डायोड निघाला. स्टिकरवर 40 वॅट, पण ते मशीन वीज किती ओढतं त्याचे वॅट. लेझरचे प्रत्यक्षात 5. विकत घेताना "ऑप्टिकल पॉवर किती", म्हणजे किरणाचे खरे वॅट किती, एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी 3 मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक ठेवून चालवून पाहिलं. ॲक्रिलिकला काही झालं नाही. खाली अंथरलेला पेपर मात्र व्यवस्थित, अक्षरं वाचता येतील इतका सुबक जळला. असं मशीन वीस हजारांच्या आत मिळतं. वाईट नसतं, सागवानावर आणि चामड्यावर छान उठतं. (रेक्झिन मात्र कुठल्याच लेझरखाली घालू नका. त्यात पीव्हीसी असतं, विषारी धूर होतो आणि मशीनही गंजतं.) पण मी वीस हजारांचं मागवलं नव्हतं.

विक्रेत्याचं शेवटचं उत्तर: "मॅडम, आपको चलाना नहीं आता." मग ब्लॉक.

बँकेत गेले. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "माल मिळालाय ना? मग ही फसवणूक कशी? दिवाणी बाब आहे." दगडांचं खोकं आलं असतं तरी माल मिळालाच म्हणाले असते का, हे विचारायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी एकाने बिल्टी पाहिली आणि हसून शेजारच्याला दाखवली, "मॅडमनी खेळणी मागवली." वर हेही ऐकवलं, की धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. हे साफ खोटं आहे. स्वतःच्या हातांनी पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला ठाण्यातल्या कुणी सांगितलं नाही, वकिलाकडे असलेल्या भाचीने सांगितलं. पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर. मी उलटं केलं, चार दिवस गेले.

बिलावरचा जीएसटी नंबर आता पाहते. गोदाम भिवंडीत सांगितलेलं, नंबर 07 ने सुरू. 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27. नाव "प्रायव्हेट लिमिटेड" आणि नंबरातलं, आकडे धरून, सहावं अक्षर पी, म्हणजे एकटा माणूस. कंपनीला सी असतो. जीएसटीच्या पोर्टलवर दोन मिनिटांचं, फुकटचं काम.

26 जानेवारीसाठी एका शाळेची साठ स्मृतिचिन्हं घेतली होती, नव्या मशीनच्या भरवशावर. शेवटी उद्यमनगरातच गेले. दादांनी शीट लावता लावता विचारलं, "ताई, मशीन घेतलं म्हणत होता, काय झालं त्याचं?"

मी म्हटलं, अजून ट्रान्सपोर्टमध्ये आहे.