कुडाळजवळचं कोकण मेव्याचं दुकान: आगळाला पाच स्टार, 'भूक घालवणाऱ्या' कोकम कॅप्सूलला एक

हायवेला कुडाळच्या अलीकडे कोकण मेव्याची दुकानं लागतात त्यातलं हे एक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या वस्तूवर माझा राग आहे ती ह्यांनी बनवलेली नाही, फक्त काउंटरवर ठेवलीय. दुकानाला चार स्टार. आगळाला पाच. आणि गल्ल्याशेजारी रचून ठेवलेल्या कोकम अर्काच्या कॅप्सूलना एक, तो पण डबीचं झाकण घट्ट लागतं म्हणून, डबी मोहरी ठेवायला चांगली आहे.

आधी चांगलं ते सांगते. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस आणि मीठ, बास, तिसरं काही नाही. बाटली हलवली की खालचा गाळ वर येतो, चव घेतली की आधी मीठ आणि मग आंबट लागतं, आणि सोलकढीला जो रंग येतो तो लग्नाच्या हॉलमधल्या सोलकढीसारखा भडक गुलाबी नाही, जरा मळकट जांभळट असतो, खरा तोच. आमसुलं मऊ आहेत, काळी पडलेली नाहीत. खाजं आल्याचं आणि ताजं. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, ते सुद्धा ठेवतात, आता फार कमी ठिकाणी मिळतं, भेगांना लावायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. कुळथाची पिठी मात्र जरा जाडी वाटली, पिठल्यात गुठळ्या होतात. अमृत कोकमच्या बाटलीत अर्ध्याहून जास्त साखरच असते हे लक्षात ठेवा, डाएटवाल्यांनी सरबत पाहिजे तर आगळाचंच करावं, आणि बीपी असेल तर तेही जपून, मीठ भरपूर असतं.

आता कॅप्सूल. मी फार्मसी केलंय, मेडिकलच्या काउंटरवर बसते, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय डबी खाली ठेवत नाही. ही डबी आमच्या वेंगुर्ल्याच्या मामीने घेतली, हजाराच्या आसपास पडली, आणि तिने चालू केल्यावर मला फोन करून सांगितलं, "गो, माका आता रातची भूकच लागणा नाय." मागून मामाचा आवाज, "गोळयेन नाय, पाण्यान पोट भरता तुजा." मामा बरोबर होता, ते पुढे येईलच.

डबीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय तर कोकणातल्या कोकमापासून, शंभर टक्के नॅचरल, मेंदूतलं सेरोटोनिन वाढवून भूक कमी करते. खाली बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. म्हणजे वर मेंदूचं रसायन बदलायचा दावा आणि खाली हे औषध नव्हे म्हणून हात वर. फूड सप्लिमेंटवर ती ओळ छापावीच लागते, त्यात गैर काही नाही, पण मग वरचा दावा कशाच्या जोरावर?

दाव्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे म्हणून तर लोक फसतात. कोकमाच्या सालात हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड असतं, लेबलवर एचसीए म्हणून लिहितात. हे ॲसिड नेमकं काय आहे ते १९६५ साली म्हैसूरच्या सीएफटीआरआय ह्या अन्न संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन ह्यांनी ओळखलं, त्यांनी घेतलं होतं ते केरळचं कुडमपुळी, आपल्या रातांब्याचा भाऊबंद. मग १९६९ मध्ये अमेरिकेत सापडलं की शरीर ज्या एन्झाइमने साखरेपासून चरबी बनवतं त्याला हे ॲसिड अडवतं. पुढे उंदरांना दिलं तर ते कमी खायला लागले. इथून पुढे सगळा बाजार सुरू झाला. सेरोटोनिनचं जे म्हणतात ना, ते बरंचसं उंदराच्या मेंदूचे तुकडे भांड्यात ठेवून केलेल्या प्रयोगातलं आहे. भांड्यातल्या तुकड्यापासून ते भाकरी, भात आणि बांगड्याचं तिखलं जेवणाऱ्या मामीपर्यंत यायला फार लांबचा रस्ता आहे.

आणि माणसांवर बघितलंय की. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जाड्या माणसांना १२ आठवडे, अर्ध्यांना रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए आणि अर्ध्यांना नुसती खोटी गोळी, डाएट दोघांना सारखंच, भरपूर चोथ्याचं आणि कमी कॅलरीचं. एचसीएवाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं. खोट्या गोळीवाल्यांचं ४.१. हो, खोट्या गोळीचं जास्त. तो फरक योगायोगाचा धरायचा, पण खऱ्या गोळीने काही केलं नाही एवढं नक्की.

मग मामीची भूक कुठे गेली? डबीबरोबर जो कागद येतो त्यावर लिहिलंय की जेवणाआधी अर्धा तास दोन ग्लास पाण्याबरोबर घ्या, रात्री भात बंद, तळलेलं बंद, गोड बंद. अहो हे पाळलं तर डबीत शेंगदाणे असते तरी वजन उतरलं असतं! पोट ताणलं गेलं की व्हेगस नावाची नस मेंदूच्या मागच्या भागाला बातमी देते, बास झालं म्हणून. शिवाय हजार रुपये दिलेत म्हटल्यावर माणूस ताटात दुसऱ्यांदा वाढून घेताना विचार करतोच. वर आंबट कॅप्सूल उपाशीपोटी घेऊन मामीला जळजळ सुरू झाली ती वेगळीच.

मला खरा राग आहे तो ह्या 'सेरोटोनिन वाढवा, भूक घालवा' ह्या सोप्या गोष्टीचा. रोज काउंटरवर कोणीतरी येऊन हेच विचारतं. भूक एका रसायनावर चालत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून बारीकसा भाग आहे, त्याच्या बाजूच्या पट्ट्याला इजा केली तर उंदीर खायचंच सोडतात हे १९५१ मध्ये दाखवलं त्यातले एक आपले बी. के. आनंद, जे पुढे दिल्लीच्या एम्समध्ये होते. म्हणून तेव्हा त्याला भुकेचं केंद्रच म्हणायचे. नंतर कळलं की प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे. तिथेच जवळ दोन प्रकारच्या पेशी आहेत, एक खा खा म्हणणाऱ्या, एक पुरे म्हणणाऱ्या, आणि त्यांना खालून सारख्या बातम्या येत असतात. रिकाम्या पोटातून घ्रेलिन नावाचं हार्मोन येतं, ते खा म्हणणाऱ्यांना उठवतं. चरबीतून लेप्टिन नावाचं दुसरं हार्मोन येतं, साठा किती आहे ते सांगायला, ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रीडमनच्या टीमने शोधलं, तेव्हा सगळ्यांना वाटलेलं की आता लठ्ठपणा संपला. पण जाड माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू ऐकत नाही. आणि वजन उतरवलं की लेप्टिन पडतं, घ्रेलिन चढतं, आणि २०११ च्या एका अभ्यासात तर वर्षभरानंतरही ते पूर्वपदावर आलेलं नव्हतं. म्हणजे डाएट सोडल्यावर वजन परत आलं की 'जिभेवर ताबा नाही' असं जे आपण बायका एकमेकींना ऐकवतो ना लग्नात, ते बंद करायला पाहिजे.

जिभेचं म्हणाल तर ते वेगळंच खातं आहे. वरपर्यंत जेवलेला माणूस ह्याच दुकानात शिरतो आणि खाज्याचं पाकीट बघून हात पुढे करतो, ती भूक नाही, ओढ आहे, तिकडे डोपामाइन नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा कारभार. १९९५ च्या सुमाराला अमेरिकेत असे उंदीर तयार केले की ज्यांच्या मेंदूत डोपामाइन बनतच नव्हतं, ते खाणं समोर असून खायला उठायचे नाहीत आणि उपाशी मरायचे. तोंडात घातलं तर गिळायचे पण. औषध देऊन डोपामाइन भरलं की परत खायला लागायचे. आता हे सगळं त्या डबीवरच्या एका ओळीत कुठे बसवणार.

सेरोटोनिनने भूक कमी होते हे मात्र खोटं नाही, उलट ते खरं आहे म्हणूनच जपायला पाहिजे. फेनफ्लुरामिन नावाचं औषध नेमकं हेच करायचं, वजन उतरायचं सुद्धा, पण हृदयाच्या झडपा बिघडायला लागल्या आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढलं. भूक कमी करणारं दुसरं औषध सिब्युट्रामिन, ते हार्ट ॲटॅकच्या आणि स्ट्रोकच्या भीतीने २०१० मध्ये तिकडच्या बाजारातून गेलं आणि पाठोपाठ आपल्याकडेही बंदी आली. तिसरं लॉर्कासेरिन, ते २०२० मध्ये कॅन्सरच्या शंकेने काढलं. मेंदूच्या रसायनाला खरंच हात लावणारी गोळी असेल तर तिची ही किंमत असू शकते, आणि म्हणून ती प्रिस्क्रिप्शनवर असते, फणसपोळीच्या बाजूला नसते. आणि हो, खाण्यातलं सेरोटोनिन मेंदूत जातच नाही, रक्तातून मेंदूत शिरायची वाट त्याला बंद आहे, त्यामुळे केळं खाऊन सेरोटोनिन वाढवायचे जे व्हिडिओ फिरतात ते सोडून द्या.

लगेच कोणीतरी विचारणार, मग ती वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शनं? सेमाग्लुटाइड चालतं, आतड्यातल्या जीएलपी-१ ह्या हार्मोनची नक्कल करून मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलं. पण मळमळ, उलट्या, खर्च, आणि बंद केल्यावर बरंचसं वजन परत. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, माझ्या रिव्ह्यूवर नको.

कॅप्सूलबद्दल शेवटचं आणि महत्त्वाचं. एचसीएवाल्या सप्लिमेंटनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. सोलकढीला घाबरू नका हं, दोन आमसुलं आणि अर्काच्या कॅप्सूल ह्यात डोसाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण लिव्हरचा त्रास असेल, डायबेटीसच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील, पोटात बाळ असेल, तर घेऊ नका, आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी दाखवा. मामीला मी बंद करायला लावली, जळजळ थांबली, दोन ग्लास पाणी आणि रात्रीचा कमी भात चालू आहे.

दुकानदार काकांना विचारलं हे का ठेवता. "मुंबैकर मागतत म्हणान ठेवतंव," म्हणाले, आणि पुढे स्वतःच म्हणाले की आमच्या घरात कोण खात नाही. प्रामाणिक माणूस, म्हणून तर चार स्टार. पाचवा कापला तो एवढ्यासाठी की ती डबी पोरांच्या हाताला येईल अशी लिमलेटच्या गोळ्यांना खेटून ठेवलीय, ती तरी वर ठेवा असं सांगून आले.

यूपीआय चालतं, गाडी लावायला जागा आहे, पावसात मात्र समोर चिखल होतो. नवीन आगळ मे-जूनमध्ये येतं, तेव्हा घ्या आणि काचेच्या बाटलीतलं मागा, प्लास्टिकवालं पुढे करतात.